नीटची बॉटनी: मॉर्फोलॉजी आणि अ‍ॅनाटॉमी पहिल्यांदाच करताय त्यांच्यासाठी

अकरावीला अ‍ॅडमिशन झाली, क्लास लागला की पोरं फिजिक्सला घाबरतात, झूऑलॉजीवर जीव टाकतात आणि बॉटनीतले हे दोन धडे, म्हणजे मॉर्फोलॉजी ऑफ फ्लॉवरिंग प्लांट्स (झाडाची बाहेरची रचना) आणि अ‍ॅनाटॉमी ऑफ फ्लॉवरिंग प्लांट्स (आतली रचना), "पाठांतरच तर आहे, शेवटी बघू" म्हणून बाजूला सारतात. मग मार्च-एप्रिलमधे तीच पोरं दीडशे नावांची यादी घेऊन घोकत बसतात आणि पेपरात पॅरायटल आणि अ‍ॅक्झाइल या प्लॅसेंटेशनच्या (अंडाशयात ओव्ह्यूल, म्हणजे बीजांडं, कशी लागलेली असतात त्याच्या) प्रकारांमधे गोंधळतात. नीटला बायोलॉजीचे ९० प्रश्न, ३६० मार्क, बरोबरला ४ आणि चुकलं की १ मायनस, त्यामुळे असल्या सरळ प्रश्नात मार्क घालवणं परवडत नाही. खाली जे सांगतोय ते अगदी नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी आहे, रिपीटर असाल तर पहिला भाग सोडून द्या.

आधी सिलॅबस, मग पुस्तक

हे काम अर्ध्या तासाचं आहे पण नव्वद टक्के पोरं करत नाहीत. २०२२-२३ ला एनसीईआरटीने पुस्तकं कमी केली तेव्हा मॉर्फोलॉजीतून मूळ, खोड, पान यांची मॉडिफिकेशन्स गेली, फॅबेसी आणि लिलिएसी गेल्या, फक्त सोलॅनेसी राहिली. अ‍ॅनाटॉमीतून टिश्यूचा सुरुवातीचा भाग आणि सेकंडरी ग्रोथ (खोड-मुळाची जाडी वाढणं) उडाली. पण २०२४ च्या परीक्षेसाठी एनएमसीने (नॅशनल मेडिकल कमिशन) जो सिलॅबस दिला त्यात मॉडिफिकेशन्स आहेत, टिश्यू आहेत, आणि फॅमिली म्हणाल तर माल्व्हेसी, क्रुसिफेरी, लेग्युमिनोसी, कंपोझिटी, ग्रॅमिनी अशी वेगळीच यादी आहे. म्हणजे फक्त नवीन पुस्तक वाचून बसलात तर काही भाग तुम्ही बघितलेलाच नसेल. तेव्हा तुमच्या वर्षाचा सिलॅबस उतरवून घ्या, नवीन पुस्तक घ्या आणि सीनियरकडून किंवा रद्दीवाल्याकडून अकरावीचं जुनं एनसीईआरटी मिळवा, दोन्ही शेजारी ठेवा आणि जुन्यातले कापलेले पॅराग्राफ पेन्सिलने मार्क करा. सेकंडरी ग्रोथ सिलॅबसमधे नाव घेऊन दिलेली नाही, तरी मी एकदा वाचून ठेवायला सांगतो, कारण कॅम्बियम (जाडी वाढवणाऱ्या पेशींचा थर) समजलं नाही तर ओपन आणि क्लोज्ड बंडल हे नुसतं पाठांतर राहतं.

मराठी मीडियमवाल्यांनी एवढं लक्षात ठेवा, नीटचा पेपर मराठीत पण मिळतो, महाराष्ट्रातल्या सेंटरवर, आणि त्या बुकलेटमधे इंग्रजी पण असतं. भाषांतरात घोळ वाटला तर इंग्रजी प्रश्न फायनल धरतात. म्हणून समजून घ्या मराठीत, मनात बोला मराठीत, पण टर्म इंग्रजीच ठेवा. मी पण इथे टर्म तशाच लिहितोय.

मॉर्फोलॉजी: व्याख्या नाही, झाड पकडा

पुस्तक कसं लिहिलंय बघा. एक टर्म, तिची एका ओळीची व्याख्या आणि पुढे दोन-तीन उदाहरणं, मग पुढची टर्म. असं वाचलं की प्रत्येक उदाहरण एकदाच डोळ्याखालून जातं आणि उडून जातं. आणि पेपरात विचारतात काय, तर उदाहरण. म्हणून पहिल्या वाचनातच वहीत उलटी मांडणी करायची, टर्मखाली झाडं नाही तर झाडाखाली टर्म.

जास्वंद घ्या. पानं अल्टरनेट, एका नोडला (पेराला) एकच. अंडाशय वर, म्हणजे फूल हायपोगायनस. पाकळ्या ट्विस्टेड, प्रत्येकीची एक कड पुढचीवर चढलेली. पुंकेसर सगळे एका नळीत जोडलेले, मोनाडेल्फस. प्लॅसेंटेशन अ‍ॅक्झाइल. पाच टॉपिकमधे विखुरलेल्या पाच गोष्टी एका फुलात जमल्या, आणि माल्व्हेसी फॅमिली जवळजवळ झालीच, वर फक्त एपिकॅलिक्स (सेपलच्या खालचा जादा घेर) आणि एकाच कप्प्याचा अँथर हे जोडा. भेंडी आणि कापूस तिचेच भाऊबंद, ते पण ट्विस्टेड.

मोहरी: सोटमूळ, पान अल्टरनेट, फूल अ‍ॅक्टिनोमॉर्फिक (मधून कसंही उभं कापलं तरी दोन सारखे भाग) आणि हायपोगायनस, चार पाकळ्या क्रॉसमधे, पुंकेसर सहा पण सारखे नाहीत, चार लांब आणि दोन आखूड, कार्पेल (स्त्रीकेसराचे घटक) दोन आणि जुळलेले, प्लॅसेंटेशन पॅरायटल (ओव्ह्यूल अंडाशयाच्या भिंतीला). इथे एक खाच आहे. मोहरीचा अंडाशय मुळात एकाच कप्प्याचा, पण मधे फॉल्स सेप्टम येतो म्हणून दोन कप्पे दिसतात. स्टेटमेंट टाइप प्रश्नात हे हमखास वापरता येतं, त्यामुळे ओळ जशीच्या तशी लक्षात ठेवा.

मटार: पानाचा टेंड्रिल झालाय, फूल झायगोमॉर्फिक (एकाच रेषेत कापलं तर दोन सारखे भाग), एस्टिव्हेशन (कळीतली पाकळ्यांची मांडणी) व्हेक्झिलरी, पुंकेसर डायडेल्फस म्हणजे नऊ एकत्र आणि एक सुटा, प्लॅसेंटेशन मार्जिनल, बी नॉन-एंडोस्पर्मिक (पक्व बीत एंडोस्पर्म, म्हणजे भ्रूणाचा अन्नसाठा, उरत नाही). लिंबू: काटा हे खोडाचं मॉडिफिकेशन, पुंकेसर पॉलीअ‍ॅडेल्फस (दोनपेक्षा जास्त गटांत जोडलेले), प्लॅसेंटेशन अ‍ॅक्झाइल. रुई, तीच जिच्या पानांची माळ शनिवारी मारुतीला घालतात, तिची पानं समोरासमोर म्हणजे अपोझिट आणि पाकळ्या व्हाल्व्हेट (कडा एकमेकींवर न चढता नुसत्या टेकलेल्या). पेरूची पानं पण अपोझिट आणि फूल एपिगायनस (अंडाशय खाली). अशी पंधरा-वीस झाडं केली की धड्यातली बहुतेक उदाहरणं संपतात. उरतात ती एकटी-दुकटी, कॅना असिमेट्रिक, डायअँथस आणि प्रिमरोज फ्री सेंट्रल (ओव्ह्यूल मधल्या अक्षावर, पण पडदे नाहीत), प्लम-पीच-गुलाब पेरिगायनस (अंडाशय मधे, बाकी भाग साधारण त्याच पातळीला), लिली एपिफायलस (पुंकेसर पाकळ्यांसारख्या पेरियंथला चिकटलेले), ती शेवटच्या पानावर वेगळी लिहा.

मग बाजारातून पिशवी आणा

हे मी चेष्टेने म्हणत नाही. मटार, भेंडी, टोमॅटो, वांगं, आलं, रताळं, बटाटा आणि झेंडूची चार फुलं आणा, पन्नास-शंभर रुपयात होतं आणि घरच्यांना भाजी पण मिळते.

मटाराची शेंग हलकेच उघडा, दाणे एकाच शिवणीला ओळीने चिकटलेले दिसतील, ते मार्जिनल. भेंडी आडवी कापा, पाच कप्पे आणि बिया मधल्या अक्षाला लागलेल्या, ते अ‍ॅक्झाइल. टोमॅटो पण आडवाच कापा, मधला गरगरीत भाग फुगलेला दिसतो आणि बिया त्यावर बसलेल्या, सोलॅनेसीचं वर्णन वाचताना "स्वोलन प्लॅसेंटा" येतं ते हेच. आता वांगं हातात घ्या आणि देठाजवळची ती हिरवी काटेरी टोपी बघा, भरल्या वांग्याला आई जी ठेवते ती. तो कॅलिक्स (सेपलचा घेर) आहे. फूल गळालं, फळ धरलं, तरी कॅलिक्स गेला नाही, म्हणून पर्सिस्टंट. सोलॅनेसीचा फ्लोरल फॉर्म्युला इथेच बसून लिहा: अ‍ॅक्टिनोमॉर्फिक, बायसेक्शुअल, सेपल पाच जोडलेले, पेटल पाच जोडलेले, पुंकेसर पाच आणि पाकळ्यांना चिकटलेले म्हणजे एपिपेटॅलस, कार्पेल दोन जोडलेले, अंडाशय सुपीरियर. चिन्हांमधे लिहिताना जोडलेलं असेल तर कंस, सुपीरियर असेल तर जी (स्त्रीकेसराचं चिन्ह) च्या खाली रेघ, इन्फीरियर असेल तर वर रेघ, आणि पुंकेसर पाकळ्यांना चिकटले असतील तर सी (पाकळ्या) आणि ए (पुंकेसर) च्या डोक्यावरून कमान. ही कमान पोरं विसरतात.

झेंडूचं फूल सोलताना एक "पाकळी" मुळासकट ओढून काढा. खाली काळी सुई लागलेली येते, तो अंडाशय, म्हणजे ती पाकळी नव्हतीच, ते अख्खं एक फूल होतं. दसऱ्याला तोरणात आपण एकेक फूल ओवतो ते सगळे फुलोरे असतात. सूर्यफूल आणि झेंडूचं प्लॅसेंटेशन बेसल, अंडाशयाच्या तळाला एकच ओव्ह्यूल, आणि सूर्यफुलाचे रे फ्लोरेट (कडेची फुलं) एपिगायनस असं पुस्तकात दिलंय तसंच घ्या.

आलं, बटाटा, रताळं एका रांगेत ठेवा. आल्यावर नोडच्या गोल रेघा आणि वाळकी खवलं दिसतात, बटाट्याला डोळे असतात, म्हणून दोन्ही खोड. रताळ्यावर नोड नाहीत, ते मूळ, आणि ते पण सोटमूळ नाही तर अ‍ॅडव्हेंटिशियस मूळ. गाजर आणि टर्निप मात्र सोटमूळ. हळद, सुरण, अळकुडी खोडात टाका. कांदा-लसूण पानात, कारण आपण खातो ते मांसल लीफ बेस. २०१८ च्या नीटमधे रताळं कशाचं मॉडिफिकेशन असा थेट प्रश्न होता, त्याच पेपरात गवताच्या स्टोमॅटाचा (पर्णरंध्रांचा) आकार विचारला होता आणि कॅस्पेरियन स्ट्रिप कुठे असतात हे पण. तीन प्रश्न, बारा मार्क, एकाला पण डोकं लावायची गरज नाही.

टेंड्रिल आणि काट्यात गल्लत होते. काकडी, भोपळा, कलिंगड, द्राक्ष यांचा टेंड्रिल खोडाचा, मटाराचा पानाचा. लिंबू आणि बोगनवेलीचा काटा खोडाचा, कॅक्टसचा पानाचा. निवडुंगाचं हिरवं सपाट पान दिसतं ते खोड, ऑस्ट्रेलियन अ‍ॅकेशियाचं हिरवं पान दिसतं तो देठ. केळीचे मुनवे म्हणजे सकर, शेवंती आणि अननसाला पण सकर, पुदिना आणि जाईला स्टोलन, जलपर्णीला ऑफसेट.

कोकणातल्या पोरांसाठी एक गोष्ट. पुस्तकात न्यूमॅटोफोरचं (श्वसनमुळांचं) उदाहरण रायझोफोरा दिलंय. खाडीवर गेलात तर चिखलातून बोटांसारखी वर आलेली मुळं तुम्हाला तिवराखाली दिसतील, आणि कांदळ, जो खरा रायझोफोरा, तो कमानीसारख्या आधारमुळांवर उभा असतो. वाद घालायचा असेल तर खाडीवर घाला, पेपरात रायझोफोराच टिक करा.

पान आणि पर्णिका, इथे थोडं थांबा

कडुलिंबाची डहाळी घ्या आणि कुणालाही विचारा यात पानं किती, बहुतेक जण पर्णिका मोजतात. ओळखायची खूण एकच, देठाच्या बगलेत कळी असते, पर्णिकेच्या बगलेत कधीच नसते. पान साधं असो की संयुक्त, कळी मुख्य देठाच्या बगलेतच. म्हणून कडुलिंबाचं ते अख्खं पिसासारखं दिसणारं एकच पान, पिनेटली कंपाउंड. सावरीच्या सगळ्या पर्णिका देठाच्या टोकाला एका बिंदूत, म्हणून पामेटली कंपाउंड. आता पुण्या-मुंबईत रस्त्याकडेला सप्तपर्णी असते, दिवाळीच्या आसपास संध्याकाळी जिचा वास डोक्यात जातो ती. तिचा झुपका लांबून सावरीसारखाच दिसतो पण तिथे प्रत्येक पान स्वतंत्र आहे, एकाच नोडवर बरीच पानं म्हणजे व्होर्ल्ड. एक संयुक्त पानाचा प्रकार, दुसरी फायलोटॅक्सी (खोडावरची पानांची मांडणी), आणि ऑप्शनमधे दोन्ही शेजारी देता येतात.

फळं आणि बिया लवकर होतात. आंबा आणि नारळ दोन्ही ड्रूप, मोनोकार्पेलरी (एकाच कार्पेलच्या) सुपीरियर अंडाशयापासून, एकबीजी. आंब्याचा आपण मेझोकार्प (फळाच्या भिंतीचा मधला थर) खातो, नारळाचा मेझोकार्प म्हणजे सोडण, त्याचा काथ्या होतो, करवंटी एंडोकार्प (आतला थर) आणि खोबरं एंडोस्पर्म. काजूचं बोंड थॅलॅमसपासून (फुलाच्या तळापासून), म्हणून फॉल्स फ्रूट, हा मुद्दा बारावीच्या धड्यात येतो पण इथेच लिहून टाका. बियांमधे अपवाद लक्षात ठेवा, एरंड डायकॉट असून एंडोस्पर्मिक, ऑर्किड मोनोकॉट असून नॉन-एंडोस्पर्मिक. मक्याच्या दाण्याची आकृती अल्युरोन, स्क्युटेलम, कोलिओप्टाइल, कोलिओरायझा या चार नावांसकट एकदा हाताने काढा.

अ‍ॅनाटॉमी: नजर आधी, नोट्स नंतर

या धड्याला पोरं फार घाबरतात, खरं तर हा मॉर्फोलॉजीपेक्षा सोपा आहे कारण इथे लॉजिक चालतं. सेक्शनची आकृती दिसली की तीनच प्रश्न विचारायचे, आणि याच क्रमाने.

पहिला, झायलेम (पाणी नेणारा टिश्यू) आणि फ्लोएम (अन्न नेणारा) वेगवेगळ्या त्रिज्येवर आहेत की एकाच बंडलमधे? वेगवेगळे, आळीपाळीने असतील तर रेडियल, म्हणजे मूळ. एकत्र असतील तर कंजॉइंट, म्हणजे खोड किंवा पान. मूळ निघालं तर प्रोटोझायलेम (आधी तयार झालेला झायलेम) बाहेरच्या बाजूला असणारच, एक्झार्क, खोडात तो पिथकडे (मधल्या गाभ्याकडे), एंडार्क.

दुसरा, किती आणि कसे? मुळात झायलेम दोन ते चार आणि पिथ नावाला, तर डायकॉट. सहापेक्षा जास्त आणि मधे भलामोठा पिथ, तर मोनोकॉट. खोडात बंडल रिंगमधे असतील तर डायकॉट, विखुरलेले असतील तर मोनोकॉट. उसाचं कांडं आडवं कापा, नुसत्या डोळ्यांनी ठिपकेच ठिपके दिसतील, कडेला दाट आणि बारीक, मधे विरळ आणि मोठे, ते विखुरलेले व्हॅस्क्युलर बंडल. ऊस चावताना दातात ज्या चोयट्या अडकतात त्या हेच बंडल आणि त्यांची स्क्लेरेन्कायमाची शीथ.

तिसरा, कॅम्बियम आहे का? डायकॉट खोडात झायलेम-फ्लोएमच्या मधे असतं, म्हणून ओपन. मोनोकॉटमधे नसतं, क्लोज्ड, म्हणून सेकंडरी ग्रोथ नाही.

या तीन उत्तरांवर बाकीचं टांगा. डायकॉट खोड म्हटलं की हायपोडर्मिस (एपिडर्मिसखालचा थर) कोलेन्कायमाचा, एंडोडर्मिसला स्टार्च शीथ म्हणतात, पेरिसायकल अर्धचंद्राकार पॅचेसमधे. मोनोकॉट खोड म्हटलं की हायपोडर्मिस स्क्लेरेन्कायमाचा, बंडलमधे पाण्याची पोकळी, आणि फ्लोएम पॅरेन्कायमा नाही. कॅस्पेरियन स्ट्रिप मुळाच्या एंडोडर्मिसला, सुबेरिनच्या. लॅटरल रूट पेरिसायकलमधून निघतात. रूट हेअर एकपेशीय, खोडावरचे ट्रायकोम (केस) सहसा बहुपेशीय, ही ओळ छोटी आहे पण सोडू नका.

पानात डॉर्सिव्हेंट्रल (डायकॉट) आणि आयसोबायलॅटरल (मोनोकॉट) दोनच. डायकॉट पानात वर पॅलिसेड, खाली स्पंजी, आणि स्टोमॅटा खालच्या बाजूला जास्त. गवतासारख्या पानात असा फरक नाही, स्टोमॅटा दोन्हीकडे, गार्ड सेल डंबेलसारख्या, आणि वरच्या एपिडर्मिसमधे मोठ्या रिकाम्या बुलिफॉर्म सेल. पाणी भरलं की पान पसरतं, पाणी कमी पडलं की आत गुंडाळतं म्हणजे बाष्पीभवन कमी. पावसाने ओढ दिली की दुपारी ज्वारीची पानं सुरळी होतात ते शेतकऱ्याच्या पोराला सांगायला नको.

टिश्यूमधे वेळ घालवायचाच तर स्क्लेराइड (जाड भिंतीच्या कडक पेशी) आणि फ्लोएमवर घाला. पेरू किंवा चिकू खाताना जे कचकच लागतं ते स्क्लेराइड, चहाच्या पानात पण असतात आणि डाळींच्या सीड कोटमधे पण. सिव्ह ट्यूबची पक्व पेशी जिवंत असते पण न्यूक्लियस नसतो, तिचा कारभार कंपॅनियन सेल बघते. जिम्नोस्पर्ममधे झायलेमला व्हेसल नाहीत, फ्लोएममधे सिव्ह ट्यूबऐवजी सिव्ह सेल आणि कंपॅनियनऐवजी अल्ब्युमिनस सेल.

एकदा तरी सेक्शन कापा

कॉलेजच्या लॅबमधे प्रॅक्टिकल होत असेल तर दांडी मारू नका, आणि होत नसेल तर सरांच्या मागे लागा. कोवळं सूर्यफुलाचं खोड आणि मक्याचं खोड, नवीन ब्लेड, दोन्ही ओलं ठेवायचं, ब्लेड आपल्याकडे ओढत एका दमात भरभर कापायचं, वीस-पंचवीस काप पाण्यात टाकून त्यातला सगळ्यात पातळ, जवळजवळ न दिसणारा, ब्रशने उचलायचा. पान कापायचं असेल तर बटाट्याच्या फोडीत खाच करून त्यात धरा. मग सॅफ्रानिन मिनिट-दोन मिनिटं, पाण्यात धुवून ग्लिसरीनचा थेंब आणि कव्हर स्लिप तिरकी टेकवून सावकाश सोडायची नाहीतर बुडबुडे होतात आणि नवखी पोरं बुडबुड्यालाच पेशी समजून आकृती काढतात. लाल झालेलं दिसेल ते लिग्निनवालं, म्हणजे झायलेम आणि स्क्लेरेन्कायमा. स्टोमॅटासाठी रिओच्या पानाची खालची जांभळी साल सोला, काही रंग लागत नाही.

प्रश्न कधी आणि कसे सोडवायचे

रोज दीडेक तास दिला तर दोन्ही धडे तीन आठवड्यात आरामात होतात, मॉर्फोलॉजीला दोन आणि अ‍ॅनाटॉमीला एक. धडा पूर्ण होईपर्यंत थांबू नका, एस्टिव्हेशन-प्लॅसेंटेशन झालं की त्याच दिवशी त्यावरचे जुने प्रश्न काढा. नीट पहिल्यांदा २०१३ ला झाली, तिथपासूनचे पेपर पुरेसे आहेत. क्लासच्या मॉड्यूलमधले हजार प्रश्न नंतर, वेळ उरला तर. मॉड्यूलमधे पुस्तकात नसलेली झाडं टाकायची फार हौस असते, ती पाठ करत बसू नका.

चुकलेला प्रश्न सोडवून पुढे जाऊ नका. त्यातले चारही ऑप्शन घ्या आणि बाकीचे तीन कोणत्या प्रश्नाचं उत्तर झाले असते ते लिहा. डायअँथस, मोहरी, मटार, सूर्यफूल असे ऑप्शन असतील तर एका प्रश्नात चार प्लॅसेंटेशन उजळून निघतात. मॅच द कॉलममधे पक्की माहिती असलेली एक जोडी आधी लावा, बहुतेक वेळा त्यावरच दोन ऑप्शन कटतात. इनकरेक्ट विचारलंय की करेक्ट हे प्रश्नात गोल करा, कारण या धड्यात येत असूनही मार्क जातात ते तिथेच.

रिव्हिजनला पुस्तक पूर्ण वाचायचं नाही. झाडांची वही काढा, उजवी बाजू हाताने झाका, नाव वाचा आणि पाच गोष्टी मोठ्याने बोला. अ‍ॅनाटॉमीला चार आकृत्या, डायकॉट आणि मोनोकॉटचं मूळ आणि खोड, लेबल न बघता कोऱ्या कागदावर, आठवड्यातून एकदा. आकृती सुंदर यायची गरज नाही, प्रोटोझायलेम बरोबर बाजूला आला म्हणजे झालं.

एमएचटी-सीईटीचं पण बघत असाल तर आधी सीईटी सेलने दिलेला सिलॅबस वाचा, तिथे अकरावीचे मोजकेच धडे असतात आणि पेपरातला मोठा वाटा बारावीचा असतो, शिवाय निगेटिव्ह मार्किंग नाही. तेव्हा या दोन धड्यांची मेहनत नीटच्या हिशोबाने करा आणि सीईटीचा अभ्यास वेगळा लावा.